गच्चीवरचा गृहपाठ

सोमवार

अपघाताच्या भीतीवर ज्यांच्याकडे उपचार घेतेय, त्या मॅडमनी आज रेकॉर्डिंगचं काम लावून दिलं. सेशनमध्ये डोळे मिटून जे सांगायचं ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि पुढच्या सेशनपर्यंत रोज एकदा घरी ऐकायचं. मी विचारलं, "एखाद्या दिवशी नकोच वाटलं तर?" तर म्हणाल्या, "नको वाटेल त्या दिवशी तर ऐकाच."

सांगायचीही रीत ठरलेली. 'गाडी उलटली' म्हणायचं नाही, 'गाडी उलटतेय' म्हणायचं. काय दिसतंय, कसला वास येतोय, अंगाला काय टोचतंय, सगळं आत्ता चाललंय असं. मधेच त्या विचारतात, "शंभरपैकी किती?" म्हणजे भीती किती. मी पंच्याण्णव म्हटलं की त्या शांतपणे, "बरं. पुढे?" सुरुवातीला राग यायचा, काय ही कोरडी बाई म्हणून. आता कळतंय, माझे पंच्याण्णव ऐकून न घाबरणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही.

दीड तासानं बाहेर पडले. सात रस्त्याला नेहमीची गर्दी. रसाच्या गाड्यावर उभी राहिले, दोन ग्लास प्यायले.

बुधवार

घरात ऐकायला जागाच नाही. आतल्या खोलीत मुलाचा अभ्यास, बाहेर सासूबाईंची टीव्हीवरची मालिका. शेवटी गच्ची. पाण्याच्या टाकीमागे संध्याकाळी सावली असते. मागच्या गल्लीत अजून माग चालतात, त्यांची खटखट सुरू असली की इअरफोनमधला आपला आवाज आपल्यालाच जरा लांबचा वाटतो. ते बरं पडतं.

सासूबाईंनी खालून विचारलंच, "रोज कुणाचा एवढा फोन येतोय गं?"

"माझाच," म्हटलं. त्यांना काही कळलं नाही. मला मात्र टाकीमागे बसून बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

गुरुवार

आज पाणी आलं. सोलापुरात चार-पाच दिवसांनी येणारं पाणी कुणाच्या मानसिक आरोग्यासाठी थांबत नाही. पिंप, हंडे, बादल्या, मग टाकी, मग गच्ची धुणं. ऐकायला रात्रीचे अकरा वाजले. रात्री ऐकलेलं जास्त लागतं.

काय आहे त्या रेकॉर्डिंगमध्ये? तुळजापूरहून दर्शन करून येतोय. भुरभुर पाऊस. तामलवाडीच्या अलीकडे टायर फुटतो. गाडी उलटते आणि मी पट्ट्यात लटकतेय, डोकं खाली. डिझेलचा वास. समोरची काच फुटलीय, तरी वायपर चालूच आहे. तुटक्या काचेवरनं खर्र... खर्र... जातो, येतो. तो बंद करावा एवढंच मला सुचतंय. मागून मुलाचा आवाज येत नाहीये.

चौघंही वाचलो. सासूबाईंच्या खांद्याचं हाड मोडलं, मला कपाळावर टाके, ह्यांना खरचटलं, मुलाला मुका मार. भेटायला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, "आईनं वाचवलं." खरंच आहे. पण कुणी गेलं नाही, तर रडायचं कशाला, हा हिशेब सगळ्यांनी आमच्या घरात बसून, चहा पीत मांडला. मीही मांडला. टॉवेलच्या कारखान्यात हिशेबच बघते मी.

मॅडमच्या ह्या पद्धतीला प्रोलाँग्ड एक्स्पोजर म्हणतात. एडना फोआ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती बसवली. त्यांचं सुरुवातीचं काम बलात्कार सोसलेल्या स्त्रियांसोबत होतं, पुढे युद्धावरून आलेल्या सैनिकांसाठीही ही पद्धत वापरली गेली. हे ऐकल्यावर मला लाज वाटली होती. त्या बायका कुठं, मी कुठं. माझा तर टायर फुटला. मॅडमनी उत्तर दिलं नाही. वीस प्रश्नांचा कागद पुढे केला. गेल्या महिनाभरात अमुक त्रास किती झाला, शून्य ते चार. भरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यात कुठं विचारलंय का, तुमच्यापेक्षा जास्त कुणाला झालं म्हणून?"

रविवार

सुट्टी असली की जुनं आठवतं. अपघातानंतर पहिले काही आठवडे झोप उडाली, दचकायला व्हायचं. ते बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं, महिन्याच्या पुढे टिकलं तर पीटीएसडीचा, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराचा, विचार करायचा, हे मला फार उशिरा एका मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं. त्याआधी एका डॉक्टरांकडे महिनोन्‌महिने झोपेच्या गोळ्या चालल्या होत्या. तिथं कधी कुणी अपघाताबद्दल विचारलं नाही. ह्या नव्या डॉक्टरांनी त्या गोळ्या एकदम न तोडता हळूहळू कमी केल्या, दुसरं औषध सुरू केलं आणि म्हणाले, औषधानं आधार मिळेल, पण मुख्य काम बोलण्याचं आहे. आणि मॅडमचं नाव दिलं. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. औषध देत नाहीत, काम देतात.

पण त्या डॉक्टरांपर्यंत पोचायलाही एक रात्र लागली. अडीच वाजले होते, सगळे झोपलेले. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कारखान्यातल्या एका मुलीनं व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवलेला होता, तो लावला. मराठी निवडलं. पलीकडच्या मुलानं "बोला ताई" म्हटलं आणि मी बराच वेळ बोललेच नाही. तो थांबला. फोन ठेवला नाही त्यानं.

खर्चाचंही लिहून ठेवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात म्हटलंय की विमा कंपनीनं शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायचा. छान. माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेले उपचार. त्यामुळे फी खिशातून, आणि महिनाअखेरीला ती जाणवते.

३० सप्टेंबर

आज आत्याचा फोन. दरवर्षी ह्या तारखेला मीच करते, ह्या वेळी तिनं केला.

१९९३ साली ती उमरग्याकडच्या खेड्यात होती. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक दमून झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. तीच घरं माणसांवर बसली. आम्ही इथं सोलापुरात हादरे बसले म्हणून रस्त्यावर येऊन बसलो होतो, मी शाळकरी पोर, मला तर मजाच वाटत होती. आत्याची सासू आणि धाकटी जाऊ गेल्या.

त्यानंतर आत्या कधी छताखाली झोपली नाही. पुनर्वसनात पक्कं घर मिळालं, तिची बाज अंगणातच. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये. आमच्याकडे मुक्कामाला आली की गच्चीवर, ह्याच टाकीशेजारी. आम्ही म्हणायचो, "आत्याला उघड्यावर झोपायची सवय आहे." पीटीएसडी हे नाव १९८० पासून डॉक्टरांच्या पुस्तकात होतं. आत्याच्या अंगणापर्यंत ते आलं नाही, आणि आम्ही मात्र तिची गादी न विचारता वर नेऊन टाकायचो. प्रेमानंच.

माझ्या बाबतीतही तेच झालं की. पेट्रोल-डिझेल भरायला हे एकटे जायला लागले. पुण्याचं लग्न आलं तर न बोलता हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटं. मुलानं मोबाइलवरच्या गाड्यांच्या शर्यती स्वतःहून बंद केल्या. सासूबाईंनी दवाखान्यातच नवस बोलला होता, खांदा बरा झाला की तुळजापूरला ओटी भरायची. खांदा कधीच बरा झाला, नवसाचं नाव त्यांनी माझ्यासमोर काढलं नाही. सगळ्या घरानं माझ्या भीतीला पाहुणीसारखं जपलं, आणि ती जायचं नाव घेईना.

मॅडमचं म्हणणं सरळ आहे. जिथून आपण पळतो ती जागा शरीराला कायम धोक्याचीच वाटत राहते. तिथं थांबलं तर भीती चढते, थोडा वेळ टिकते आणि उतरायला लागते. उतरते हे स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही. म्हणून रोज गच्ची.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता मला काय शिकवतीस, गेलं माझं निम्मं आयुष्य चांदण्यात." मग जरा थांबून, "पर तू जा."

शुक्रवार

आज एक गोष्ट झाली.

इतके दिवस मनात एकच टोचणी होती: मुलाचा आवाज येत नव्हता आणि मी वायपरचा विचार करत होते. कसली आई ही. हे मॅडमना सांगायलाच मला बरीच सेशन्स लागली. आताशा त्या नेमकं तेवढंच तोडून पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. आज सांगताना माझ्याच तोंडून आलं, "उजवा हात मागे आहे." मॅडम म्हणाल्या, "हातात काय आहे?" मला सांगता येईना.

रात्री भाकरी वाढताना मुलाला सहज विचारलं, गाडी पडली तेव्हाचं तुला काय आठवतं रे. हे लगेच माझ्याकडे बघायला लागले, सासूबाईंनी चटणीचं वाडगं उगाच सरकवलं. पोरगं शेंगदाण्याची चटणी भाकरीला लावत म्हणालं, "तू माझा पाय धरला होतास. लई जोरात. सोडतच नव्हतीस, काकांनी सोडवला." काका म्हणजे ट्रकवाले, ज्यांनी आम्हाला बाहेर काढलं. "दुसऱ्या दिवशी निळं झालं होतं."

तो मुका मार. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेला होता की. उजवा घोटा.

कोजागरीनंतर

दसऱ्यानंतर देवी श्रमनिद्रेत असते, पौर्णिमेला परत सिंहासनावर येते. महिषासुराशी लढून दमलेली, तिला झोप हवीच, असं सासूबाई सांगतात. कोजागरीला सोलापूरहून माणसं चालत निघतात, रूपाभवानीच्या देवळापासून रांग लागते आणि वाहनं दुसऱ्या रस्त्यानं वळवतात. ज्या गोष्टी मी टाळते त्यांची पायरीपायरीची यादी आम्ही केलीय, सगळ्यात अवघड ती सगळ्यात वर. त्यात 'तो रस्ता' वरून दुसऱ्या पायरीवर होता. मॅडमना म्हटलं, चालत जाते. त्या म्हणाल्या, "गाड्या नसलेला रस्ता ही पायरी आहे. शेवटची नाही, एवढं लक्षात ठेवा."

हिप्परग्याच्या तलावापर्यंत बायकांबरोबर गप्पा मारत गेले. पुढे गप्पा संपल्या. ती जागा आली तेव्हा तिथं कुणी राजगिऱ्याचे लाडू वाटत होतं. सत्तर. लाडू खाल्ला. पन्नास.

आणि आज शेवटची पायरी: गाडीतून, पुढच्या सीटवर, पट्टा लावून. सासूबाई ओटीचं सामान मांडीवर घेऊन मागे. तामलवाडीच्या आसपास थेंब पडायला लागले. काच भरून आली, समोरचं दिसेना, तरी हे वायपर लावेनात.

"अहो, वायपर लावा."

"तुला त्रास होईल."

"मला चालेल."

तरी त्यांनी लावला नाही. गाडी बाजूला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच, बोटं पांढरी. थेंब थांबेपर्यंत आम्ही तिथंच थांबलो. कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी गाडी चालवणाऱ्याला आजवर कुणी एक प्रश्न विचारलेला नाही, मीसुद्धा नाही.

ओटी भरली, नवस फिटला, रात्री घरी आलो. जेवताना हे म्हणाले, "तुझ्या मॅडम एका वेळचे किती घेतात?"

"का हो?"

"दुकानात एक जण आहे. त्याला जरा झोपेचा त्रास आहे म्हणे."

पोरगं ताटातून मान वर न करता म्हणालं, "बाबा, दुकानात तर तुम्ही एकटेच असता."