कशेळीच्या चिऱ्यावरचे दोन हात

दिवाळीनंतरचे चार दिवस मी रत्नागिरी ते आडिवरे या किनाऱ्यावर घालवले. पावस, पूर्णगड, गावखडीचे सुरूबन, कशेळीचे कनकादित्य मंदिर हे सारे पाहून झाले. परंतु लिहावेसे वाटते ते कशेळीच्या सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, एक सकाळ आणि त्याच दिवसाची संध्याकाळ एवढ्याविषयीच.

सड्यावर जांभ्यात खोदलेला एक प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या देहरेषेच्या आत मासे, पक्षी, श्वापदे यांची दाटी आहे. २०२२ साली कोकण आणि गोव्यातील ज्या ९ कातळशिल्पस्थळांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत स्थान मिळाले, त्यांत हे एक. मी पोहोचलो तेव्हा काही पर्यटक बुटांसह त्या खोदरेषांवर उभे राहून छायाचित्रे काढत होते, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. ते गेल्यावर मी दोन तास हत्तीभोवती फिरत एकच गोष्ट शोधत राहिलो, ती म्हणजे हाताचा पंजा. मध्य प्रदेशातील भीमबेटकाच्या शैलाश्रयांत तो आहे, अर्जेंटिनाच्या पातागोनियातील ‘कुएव्हा दे लास मानोस’ या गुहेचे तर नावच ‘हातांची गुहा’ असे आहे, आणि इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर लिआंग टिंपुसेंग येथील पंजा किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. कशेळीच्या कातळावर मात्र मला तो कुठेच दिसला नाही.

मुक्काम एका घरगुती निवासात होता. खोली साधी, पंखा कुरकुरणारा, पण जेवण आणि अगत्य असे की मोठ्या हॉटेलात पैसे मोजूनही मिळू नये. संध्याकाळी त्या घरच्या काकू तुळशीचे लग्न जवळ आले म्हणून वृंदावनाला काव, म्हणजे तांबड्या मातीचा रंग, लावत होत्या आणि सुट्टीसाठी आलेली त्यांची सात-आठ वर्षांची नात भोवती घुटमळत होती. तिला मी सकाळच्या शोधाबद्दल सांगितले. आदिमानव दोन रीतींनी हात उमटवत असे : एक, रंगात बुडवलेला पंजा दगडावर दाबून, आणि दुसरी, कोरडा पंजा दगडावर टेकवून त्याच्याभोवती गेरू किंवा कोळशाचा रंग तोंडाने वा पोकळ हाडाच्या नळीने फुंकून, म्हणजे हात उचलल्यावर रंगाच्या वलयात हाताची रिकामी जागा उरते. ‘मग आपण करूया की,’ असे म्हणून ती पपईच्या पानाचा देठ तोडून घेऊन आली.

अंगणात जांभ्याचा एक सुटा चिरा पडलेला होता. मी उजव्या हातात देठ धरला, त्याचे टोक पातळ कावेत बुडवले, आणि डावा पंजा आपोआपच चिऱ्यावर गेला. पातागोनियाच्या त्या गुहेत डावे हात फार अधिक का आहेत, याचे कारण मी वाचलेले होते. ते त्या क्षणी मनगटाला कळले. पहिले दोन प्रयत्न फसले. काव घट्ट असली की तिचे ओघळ येतात, पातळ असली की सच्छिद्र जांभा ती पिऊन टाकतो आणि कडा पुसट होतात. चुनखडीच्या गुहेत पावसाचा मारा नाही, शिवाय झिरपत्या पाण्यातील खनिजाचा पातळ थर रंगावर साचून त्याचे रक्षण करतो आणि त्याच थरावरून काळही मोजता येतो. येथे चार महिन्यांचा पाऊस उघड्या सड्यावर कोसळतो. पंजे येथेही कोणी उमटवले असतील, परंतु टिकण्यासाठी खोदण्यावाचून मार्ग नव्हता, असे मला वाटते.

तिसऱ्या वेळी नात म्हणाली, ‘आजी, आता तू.’ काकूंनी थोडे आढेवेढे घेतले आणि मग हात टेकवला. मी फुंकर मारत गेलो. त्यांनी हात उचलला तेव्हा तर्जनीच्या जागी अर्धेच बोट रिकामे राहिलेले होते. विळीवर नारळ खवताना पूर्वी झालेल्या जखमेत ते पेर गेले होते. दिवसभर त्यांच्या हातचे जेवूनही माझ्या ते लक्षात आले नव्हते.

फ्रान्समधील पिरनीज पर्वतातील गार्गास गुहेत २००हून अधिक पंजे आहेत आणि त्यांतील अनेकांची बोटे अशीच अपुरी आहेत. अंगठा मात्र जवळजवळ नेहमी शाबूत असतो. कोणी म्हणतात हिमदंशाने वा आजाराने बोटे झडली, कोणी म्हणतात विधी म्हणून ती तोडली. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंद्रे लरवा-गुराँ यांनी १९६७ साली असे मांडले की बोटे दुमडलेली असावीत आणि त्या शिकाऱ्यांच्या सांकेतिक खुणा असाव्यात. मला हेच मत नेहमी पटत आलेले होते. हे सारे मी काकूंना सांगत असतानाच नातीने आपला हात आजीच्या हाताशेजारी टेकवला आणि तर्जनी दुमडून घेतली.

‘अगो, सरळ ठेव बोट,’ काकू म्हणाल्या.

‘नको. मला तुझ्यासारखा हवाय.’

मी फुंकर मारली. आता चिऱ्यावर एक मोठा आणि एक छोटा असे दोन हात होते आणि दोहोंचे तेच बोट आखूड होते. एक अपघाताने, एक हट्टाने. ठशांत मात्र तो भेद उरला नव्हता. इजा की संकेत, या वादात मी वर्षानुवर्षे एका बाजूला उभा होतो. एकाच भिंतीवर दोन्ही असू शकतील आणि दुमडण्यामागे शिकारीची खूण नसून दुसऱ्याच्या हातासारखा आपला हात दिसावा ही ओढ असू शकेल, हे माझ्या मनाला कधी शिवले नव्हते. ही ओढ सिद्ध कशी करणार, ते मला आजही सुचत नाही.

रात्री ढग भरून आले. मी चिरा आत घेण्यासाठी उठलो, तर काकूंनी तो आधीच पडवीत, भाताच्या कणगीशेजारी आणून ठेवलेला होता.