म्हाताऱ्या पावसात राजहंसगड

पाच वर्षांपूर्वी मागल्या अंगणात ओल्या फरशीवर पाय सटकला, पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. हाड जुळलं, पण भीती काय जाईना. पावसाळा आला की मी भिंत धरून चालायची, आणि घरातलं प्रत्येकजण प्रेमानं एकच वाक्य म्हणायचं, "जपून, घसरशील." कॉलेजात असताना, म्हणजे 1982-83 च्या सुमारास, याच पायांनी भर पावसात येळ्ळूरगड, म्हणजेच राजहंसगड, चढून उतरून संध्याकाळी परत घरी स्वयंपाकाला हजर असायची मी. मग लग्न, शाळेतली नोकरी, पोरं, सासूबाईंचं आजारपण, आणि डोंगर लांबूनच बघायची सवय लागली. बेळगावात वडगावातल्या आमच्या गच्चीवरनं आभाळ मोकळं असलं की राजहंसगड दिसतो हो, रोज कपडे वाळत घालताना दिसायचा.

बासष्टावं लागलं तेव्हा ठरवलं की परत जायचं, आणि जायचं तर पावसातच. उन्हाळ्यात गेले असते तर गड झाला असता, भीती तशीच राहिली असती.

तयारी मात्र सहा महिने केली. व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात पहाटे झाडांखालनं चालायला सुरुवात केली, आधी अर्धा तास मग तास. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं दोन गोष्टी पक्क्या डोक्यात बसवल्या. एक म्हणजे गुडघा दुखतो तो चढताना कमी आणि उतरताना जास्त, कारण उतरताना अख्ख्या अंगाचा भार मांडीच्या स्नायूंनी हळूहळू सोडायचा असतो, ते स्नायू ढिले असले की सगळं गुडघ्यावर येतं. म्हणून खुर्चीतनं हात न टेकता उठायचं-बसायचं, रोज तीस वेळा, आणि बसताना सावकाश. दुसरी गोष्ट पडण्याची. तोल गेला की हात पुढं टाकायचा नाही, गुडघे वाकवायचे आणि खाली बसायचं. हे तिनं मला गादीवर करायला लावलं. साठीनंतर पडायला शिकायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सगळ्यांना सांगावं असं वाटतं मला.

जुलैच्या शेवटी, पुष्य नक्षत्र लागलं होतं, मी आणि माझी धाकटी जाऊ निघालो. आमच्याकडं शेतकरी पुनर्वसूला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याला म्हातारा. तरणा येतो तो आडवातिडवा कोसळतो, म्हातारा एका लयीत पडत राहतो, घाई नाही, दम नाही, दिवसभर. येळ्ळूरची बस धरली, आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट घेतलं (2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, माझ्या वयाच्या किती बायका त्यामुळं घराबाहेर पडूलालेत बघा) आणि खिडकीतनं बघितलं तर बळ्ळारी नाला नेहमीसारखा शिवारात पसरलेला, लावलेली रोपं पाण्याखाली. दरवर्षीचं आहे हे. बासमतीचा वास यायचा ज्या शिवाराला तिथं लोक पाणी ओसरायची वाट बघत बांधावर बसलेले असतात, बघवत नाही.

गडावर आता गाडीरस्ता आहे, वरपर्यंत डांबर. आम्ही तो सोडला आणि येळ्ळूर गावातनं शेतातल्या वाटेनं निघालो. खरी परीक्षा तिथंच. खालची माती काळी, चिकट, दहा पावलांत बुटाला एवढी लगदून येते की पाय दोन किलोचा वाटायला लागतो, घसरण्यापेक्षा उचलण्याचेच कष्ट. मी वाटेच्या कडेकडेनं गवतावरनं चालायला बघत होते तर रोप लावणाऱ्या बायकांतली एक वाकलेलीच ओरडली, "अक्का, कडंनं नको, बांध फुटतोय! मधनं या, चिखलातनंच." बरोबर होतं तिचं. त्या बांधानं पाणी अडतं आणि त्या पाण्यावर तिचं भात, माझा बूट कोरडा राहायला तो कशाला मोडायचा? मधनं गेले. घोटाभर चिखल, पण खाली तळ घट्ट होता, कडेपेक्षा तिथंच पाय जास्त ठरला.

"कुठं चाललासा ह्या पावसात?" तिनं विचारलं. गडावर म्हटल्यावर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून आमच्या बुटांकडं बघितलं आणि म्हणाली, "टाच नका टेकू आधी. अख्खा पाय ठेवा, मग भार टाका." तिचे पाय अनवाणी, बोटं फाकून मातीत रुतलेली. तिचं वय माझ्याएवढंच असेल, आणि ती दिवसभर त्या चिखलात मागं मागं सरकत रोप लावत होती.

चढ लागला की माती बदलते. काळी संपून तांबडी, वर बारीक खडी आणि शेवाळ. काळी धरून ठेवते, तांबडी सोडून देते. जाऊ मागनं म्हणत होती, "अक्का, लई घसरूलालंय बघा," आणि मी काठी पुढं रोवून, अख्खा पाय ठेवून, मग भार टाकून, एकेक पाऊल. पूर्वी ज्याला पाऊण तास लागायचा त्याला दोन तास लागले असतील, मी घड्याळ बघितलंच नाही. दम लागला की उभी राहायची, बोलता येईल एवढा श्वास परत आला की पुढं.

वर दरवाज्यातनं आत गेलो तर सगळं ढगात. 2023 साली बसवलेला महाराजांचा पुतळा अगदी जवळ जाईपर्यंत दिसला नाही, मग एकदम धुक्यातनं वर वर उभा राहत गेला, आम्ही दोघी हात जोडून तशाच उभ्या. सिद्धेश्वराच्या देवळात बसून डब्यातली भाकरी, झुणका आणि ठेचा खाल्ला. ओले मोजे बदलले. हे मुद्दाम सांगते, जादा मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्याच, ओल्या मोज्यात उतरताना बोटं सोलतात.

उतरताना पडले.

तांबड्या मातीचा एक गुळगुळीत उतार होता, काठी सटकली, आणि मला कळलं की आता जातंय. हात पुढं जायला निघाला होता, मी तो पोटाशी ओढला, गुडघे वाकवले आणि बसले. थप्प करून. साडीऐवजी सलवार घातली होती ती कमरेपर्यंत लाल झाली. जाऊ किंचाळली. मी तिला हातानं थांबवलं आणि मनगट फिरवून बघितलं, मग दुसरं, मग गुडघे. काही झालं नव्हतं. पाच वर्षं ज्याला घाबरून भिंत धरली ते घडून गेलं होतं आणि मी चिखलात बसलेली होते, अंगावर पाऊस पडत होता, समोर ढग जरा फाटला होता आणि खाली येळ्ळूरचं शिवार, पाण्यानं भरलेल्या चौकोनांवर चौकोन, मधे वाकलेल्या बायका. मला रडू आलं. जाऊ पण शेजारी बसली मग, तिनं काही विचारलं नाही.

घरी आल्यावर नळाखाली बूट धरले तर आधी लाल पाणी गेलं, मग काळं. पेपरचे बोळे कोंबून सावलीत ठेवलेत, चुलीजवळ किंवा उन्हात नाही ठेवायचे, सोल सुटतो. दोन दिवस मांड्या दुखल्या, गुडघे नाही.

काल जावेचा फोन आला, श्रावणात देवरवाडीला वैजनाथाला चालत जाऊया म्हणते. सोमवारी गर्दी असते, म्हटलं मंगळवारी जाऊ.