शेवटी जमलं एकदाचं!
आज इलेक्ट्रिक ब्लू टॅरँटुलाचं (मोठा केसाळ कोळी) पेअरिंग, म्हणजे नर-मादीचं मीलन, झालं बुवा. थायलंडच्या फांगन्गामधल्या खारफुटीत सापडलेली ही जात, २०२३ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं. मादीला आधीच भरपूर खायला घातलेलं, उपाशी असली की नराचाच नाश्ता करते ना. तो बिळाच्या तोंडाशी थरथरत ठकठक करत बसला, आतून तिनेही पाय आपटले, मी लांब चिमटा घेऊन तयार, कारण आशियाई जातींना बचावासाठी उडवायला अंगावरचे खाजरे केस नसतात, त्या डायरेक्ट चावतात आणि जाम दुखतं म्हणे. काम उरकून गडी सुसाट पळाला, डब्याची भिंतच चढला 😂 आता अंड्यांची पिशवी व्हायच्या आधी बाईसाहेबांनी कात टाकली की साठवलेलं नराचं बीजही कातीबरोबर जातं, सगळं मुसळ केरात, परत पहिल्यापासून.