गर्दी मोजायला दिवाळी अंक

सोमवार, जून. पहाटेपासून पाऊस.

आईने पाठवलेला गेल्या वर्षीचा दिवाळी अंक आज पर्समध्ये घालून निघाले. वाचनाची ओढ होतीच, पण खरे कारण वेगळे होते: गाडीतली गर्दी त्याने मोजून पाहायची होती. जपानच्या परिवहन मंत्रालयाने गाडीतल्या गर्दीची जी टक्केवारी ठरवली आहे, ती सर्वसामान्यांना वर्षानुवर्षे वर्तमानपत्राच्या आधारे समजावली गेली. शंभर टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा किंवा धरायला कडी वा दांडा मिळतो, दीडशेला उभ्याने वर्तमानपत्र पसरून वाचता येते, एकशे ऐंशीला ते घडी घालूनच वाचावे लागते, दोनशेला अंगाला अंग दाबले जाते पण साप्ताहिक कसेबसे वाचता येते, आणि अडीचशेला हातसुद्धा हलवता येत नाही. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला ही मोजपट्टी वाचून हसू यावे, हे स्वाभाविकच आहे. आमच्याकडे गर्दीच्या वेळी उभ्या माणसांचा हिशेब चौरस मीटरमागे चौदा ते सोळा असा सांगितला जातो आणि त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे भारदस्त नाव आहे. त्या अवस्थेत वर्तमानपत्राचा प्रश्नच उद्भवत नाही.

निशिकासाईहून ओतेमाचीला जाणारी माझी तोझाई लाइन ही मेट्रो तोक्योच्या गर्दीतली नामांकित मानकरी आहे. 2019 मध्ये किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यावर सकाळच्या गर्दीच्या तासात 199 टक्के भार मोजला गेला होता. कोविडच्या वर्षी तो 123 पर्यंत उतरला आणि त्यानंतर पुन्हा दीडशेच्या आसपास आला. त्या 2019 च्याच जानेवारीत मेट्रोने लवकर निघणाऱ्यांना एक गमतीशीर आमिष दाखवले होते: गर्दीच्या वेळेआधी प्रवास करणाऱ्यांची संख्या दोन हजारांवर गेली तर तेंपुरा (पिठात घोळून तळलेली भजी) फुकट, अडीच हजारांवर गेली तर सोबा (शेवयांचा प्रकार) आणि तीन हजारांवर गेली तर दोन्ही. गर्दी हटवायची तर आधी ती घड्याळात पसरवावी लागते, हा विचार मला फार आवडतो, आणि तो लोकांच्या पोटातून पटवावा हे त्याहून आवडते.

फलाटावर रंगवलेल्या रेषांमागे माणसे ओल्या छत्र्या मिटून, पट्टा बांधून उभी होती. मी चार वर्षे इथे राहूनही पाय अजून जुन्या सवयीने रेषेच्या पुढे सरकतात आणि मग ओशाळून मागे यावे लागते. गाडी आली, उतरणारे आधी उतरले, मग दोन्ही बाजूंच्या रांगा आत गेल्या. गर्दीच्या तासात या लाइनवर 27 गाड्या धावतात, म्हणजे दोन गाड्यांमध्ये सव्वादोन मिनिटांहून कमी अंतर. एखाद्या स्टेशनात दार दहा सेकंद जास्त उघडे राहिले तर मागची गाडी अडते, तिच्यामागची आणखी अडते. म्हणूनच या लाइनवर 1.8 मीटर रुंद दारांचे डबेही धावतात. इतरत्र दार साधारण 1.3 मीटरचे असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की जपानी गाडीचा वक्तशीरपणा तिच्या वेगात आहे, पण रोज प्रवास करणाऱ्याला तो दाराच्या अर्ध्या मीटरमध्ये सापडतो. दार लागण्याआधी गार्डने पांढऱ्या हातमोज्यातले बोट फलाटाच्या लांबीवर फिरवले आणि काही तरी मोठ्याने उच्चारले. जे पाहायचे त्याकडे बोट दाखवून नाव घ्यायचे, म्हणजे नजर चुकत नाही, अशी ती पद्धत आहे.

आराकावा नदीचा पूल ओलांडताना काचांवर पाऊस आडवा येत होता. 28 फेब्रुवारी 1978 रोजी याच पुलावर वावटळीने धावत्या गाडीचे मागचे डबे उलथवले होते. पूल संपून गाडी भुयारात शिरली, तेव्हा मी अंक उघडला.

मिनामी-सुनामाचीला दोन्ही पाने व्यवस्थित पसरली होती. तोयोचोला कोपर आत घ्यावे लागले. किबाला जी माणसे चढली, त्यांनी मला हळूच, एकही शब्द न बोलता, दांड्यापासून दोन पावले लांब नेऊन ठेवले, आणि तेव्हा ध्यानात आले की मंत्रालयाने वर्तमानपत्राचा विचार केला आहे, अडीचशे पानांच्या दिवाळी अंकाचा नाही. त्याची घडी पडत नाही. तो छातीशी उभा धरून मी एका डोळ्याने कथेचा एक परिच्छेद वाचला. शेजारच्या गृहस्थांच्या छत्रीचे पाणी माझ्या बुटावर टपकत होते. ते त्यांच्या लक्षात येताच त्यांनी मान किंचित लववली आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली. ते कसे साधले कोण जाणे, कारण हात हलवायला फारशी जागा नव्हती. माझ्या हिशेबाने तो टप्पा एकशे साठचा असावा.

कायाबाचोला बरीच माणसे उतरली, आणि कथेचे पुढचे पान उलटता आले.