हो, झोप होते माझी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. साडेदहाला पाठ टेकते, साडेपाचला उठते, मध्ये कोणी हाका मारल्या तरी कळत नाही. झोप होते.

एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, हे ठाऊक आहे. लिफ्टमधल्या काकू, ऑफिसचा चहावाला, बारशाला आलेली नणंदेची जाऊ, सगळ्यांचं सारखंच: "अगं, डोळ्यांखाली केवढं काळं! झोपत नाहीस का?" झोपते म्हटलं तर "मग रक्त कमी असेल." तपासलंय. हिमोग्लोबिन १२.६, थायरॉइड नॉर्मल. "मग टेन्शन घेत असशील." टेन्शनची रक्ततपासणी कुठे होते तेवढं कळवा, तीही करून टाकते.

काकडी, बटाट्याचा रस, गुलाबपाणी, फ्रीजमधला चमचा, सगळं करून झालंय. गार चमच्याने सकाळची सूज थोडा वेळ उतरते, हे खरं. रंगावर ढिम्म परिणाम होत नाही. बटाट्याची मी आता भाजी करते.

नीट समजावलं ते दादरच्या एका त्वचेच्या डॉक्टरबाईंनी. खालची पापणी बोटाने हलकेच ताणून पाहिली, मग हातात आरसा देऊन म्हणाल्या, मान वर करा. छताकडे तोंड केलं तर अर्धा काळेपणा गायब! "हा रंग नव्हताच, सावली होती," त्या म्हणाल्या. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून गालाकडे एक खळगी उतरते. वरून उजेड आला की तिच्यात सावली पडते, आणि ऑफिसात, लिफ्टमध्ये, लोकलच्या डब्यात दिवा डोक्यावरच असतो. उरलेल्यातलं काही त्वचेतलं रंगद्रव्य. ते ताणल्यावरही तसंच राहिलं. ते बाबांच्या घराकडून आलंय, आत्यांचे फोटो काढून बघा. बाकीचं रक्तवाहिन्यांचं. तिथली कातडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, त्यामुळे खालचं रक्त निळसर दिसतं. नाक चोंदलं की तिथल्या शिरांत रक्त तुंबतं आणि निळेपणा वाढतो. आमच्या मागे टॉवरचं बांधकाम, पावसाळ्यात भिंतींना बुरशी, त्यामुळे माझं नाक कधी मोकळं असतं ते आठवावं लागेल. त्यात डोळे चोळायची खोड, आणि चोळून चोळून कातडी आणखी काळवंडते.

डोळ्यांखालच्या पिशव्यांचं प्रकरण वेगळं. डोळ्याभोवती चरबीची गादी असते. तिला धरून ठेवणारा पडदा वयाबरोबर सैल पडतो आणि ती पुढे येते. झोपून ती मागे जात नाही. रात्री पापड-लोणचं झालं तर सकाळी वर पाणीही धरतं, पण ते दुपारपर्यंत ओसरतं.

झोपेचा काहीच संबंध नाही, असं मात्र बाई म्हणाल्या नाहीत. जागरणाने चेहरा फिकटतो आणि फिकट चेहऱ्यावर काळं उठून दिसतं. हे मी सहसा कोणाला सांगत नाही. सांगितलं की पुढचं अर्धा तास कोणी ऐकत नाही, "बघ, म्हणजे झोपच!"

एवढी चिडतेस कशाला, असं बहीण विचारते. तिला बेलापूर माहीत आहे, तुम्हाला नाही.

मी विमा कंपनीत आहे, फोर्टला. काही वर्षांपूर्वी नवी मुंबईत, बेलापूरला, नवी शाखा निघाली. तिथला क्लेम्स विभाग मी सांभाळणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. शिपायाने तर पेढेही मागून ठेवले होते. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण तुम्ही किती दमलेल्या दिसता अलीकडे. घर, मुलं, मुलुंडहून येणं-जाणं. त्यात हे ओझं कशाला? मी तुमचाच विचार करतोय."

मी म्हटलं, "सर, मी दमलेली नाही."

"तेच तर. तुम्ही कधी म्हणणारच नाही."

यावर काय बोलायचं? दमले म्हणाले तर दमलेलीच, नाही म्हणाले तर सोसणारी. शिवाय मुलुंडहून बेलापूर फोर्टपेक्षा लांब नाही, ठाण्याला गाडी बदलली की झालं. पण हिशोब मांडायला मी तोंड उघडेपर्यंत चहा आला. आला म्हणून मी तो प्यायलेही. हे मला अजून टोचतं. कप तसाच ठेवून उठता आलं असतं.

ती जागा मिळाली आमच्यातल्याच एकाला. चांगला मुलगा आहे, राबतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या डोळ्यांखाली माझ्यापेक्षा मोठ्या पिशव्या होत्या, आणि मार्चअखेरीला त्याच पाहून याच साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "बघा, पोरगा रात्रंदिवस घासतोय." त्याच्या चेहऱ्यावर तो कामाचा दाखला होता आणि माझ्या चेहऱ्यावर आजारपणाचा.

केबिनमधून निघून मी वॉशरूममध्ये गेले. वर ट्यूबलाइट. सावलीची गोष्ट तेव्हा माहीत नव्हती. आरशात जी बाई दिसली तिला मीसुद्धा बेलापूरला पाठवलं नसतं. आणि गंमत म्हणजे, सकाळपासून ठणठणीत असलेली मी त्या क्षणी खरोखरच गळून गेले.

संध्याकाळी गाडीत लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकले होते. घाटकोपरला खिडकीजवळची बाई उठून म्हणाली, "ताई, इकडे बसा, बरं दिसत नाहीये तुम्हाला." मी बसले. आणि कबूल करते, अजूनही बसते. या चेहऱ्याने मला मिळालेल्या जागा मोजल्या तर साहेब उदार वाटतील. कोणी उठून जागा दिली की "अहो, माझी झोप झालीय" असं मी आजवर एकीलाही सांगितलेलं नाही.

त्यानंतर कन्सीलरची, म्हणजे काळेपणा झाकायच्या क्रीमची, वर्षं. आधी निळसरपणा मारायला नारिंगी करेक्टर, वर कन्सीलर, तेही गॅस पेटवायच्या आधी. "आज फ्रेश दिसतेस" म्हणायचे लोक. एखाद्या रविवारी तशीच दूध आणायला उतरले तर "ताप आहे का?" २०२० मध्ये मास्क आले आणि चेहऱ्याचा नेमका तोच भाग तेवढा उघडा राहिला. तेव्हा कंटाळून सोडलं. मी त्याला तत्त्व म्हणत होते. बहीण म्हणते आळस.

शेजारणीने एक गोरं करणारी ट्यूब आणून दिली होती. ती मात्र लावू नका. अशा ट्यूबमध्ये अनेकदा स्टिरॉइड असतं. आधीच पातळ असलेली कातडी त्याने आणखी पातळ होते, आणि डोळ्यांजवळ लावत राहिलं तर डोळ्यातला दाबही वाढू शकतो. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी मेडिकलवाला नाव सांगितलं की काढून देतो.

डॉक्टरबाईंनी फिलरचंही सांगितलं, खळगी भरून काढायचं इंजेक्शन. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते, क्वचितच, हेही त्यांनीच आपणहून सांगितलं. बेलापूरच्या वेळची मी म्हणते, कर आणि मोकळी हो, एवढ्याशा खळगीपायी काय काय घालवलंस. आताची मी म्हणते, साहेबांची नजर सुधारायला माझ्या डोळ्याखाली सुई का? त्यावर ती म्हणते, आणि केस रंगवतेस ते कोणासाठी? इथे माझी बोलती बंद होते. दर महिन्याला बंद होते, कारण दर महिन्याला रंगवते.

बेलापूरची जागा परत निघालीय. ते साहेब निवृत्त झाले. मी अर्ज टाकलाय. मुलाखत व्हिडिओ कॉलवर आहे, म्हणून टेबल खिडकीसमोर ओढून घेतलंय, उजेड समोरून पडेल असं. कन्सीलर लावणार नाही. याला तुम्ही लपवाछपवीच म्हणणार असाल, तर म्हणा.