जुन्या वाणालाही पाणी द्या

चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या एका गावात माझा जुना पेशंट राहतो. मी टीबीची एसटीएस, म्हणजे उपचारांवर देखरेख ठेवणारी पर्यवेक्षक. तालुक्यातल्या पेशंटांच्या गोळ्यांचा हिशेब माझ्याकडे. त्याला एमडीआर, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, झाला तेव्हा कोर्स दोन वर्षांचा होता, त्यात कितीतरी महिने रोज कानामायसिनचं इंजेक्शन. टीबी बरा झाला, कान गेले. आता मी दारातून हाक मारली की त्याची आई त्याच्या खांद्याला हात लावते. मग तो वळतो, माझ्या ओठांकडे बघतो आणि विचारतो, "काय म्हनी राहिनी, ताई?"

मागच्या महिन्यात त्याच्या पुतण्याचा रिपोर्टही रेझिस्टंट आला. त्याला बीपाल्म सुरू झालं, म्हणजे बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा कोर्स: सहा महिने, नुसत्या गोळ्या. आपल्याकडे या कोर्सला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पोराच्या आईने मला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "काकाला दोन वर्षं लागली, याला सहा महिन्यांत कसं होईल? अर्धवट तर नाही ना राहणार?"

मी तिला धीर दिला. पण तिचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि घरी येऊन मी या औषधांच्या चाचण्या नीट वाचायला घेतल्या.

वाचताना सारखे आमचे बाबा आठवत होते. कपाशीचं नवं बियाणं आणलं की ते विहिरीजवळच्या काळ्या रानात लावायचे, जुनं वरच्या बरडावर. वेचणीला म्हणायचे, नव्याला दुप्पट आला! आई एवढंच विचारायची, "पाणी कोणाला दिलं?"

चाचणीतही खरी मेख तिथेच आहे. एमडीआरच्या ९-११ महिन्यांच्या कोर्सची तुलना २० महिन्यांच्या जुन्या कोर्सशी करणारी स्ट्रीम नावाची चाचणी इथिओपिया, मंगोलिया, दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाममध्ये झाली. कोणाला कुठला कोर्स, हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हतं. चिठ्ठी टाकावी तसं ठरत होतं. नाहीतर धडधाकट पेशंट नकळत नव्या औषधाकडे गेले असते. आणि जुना कोर्सही तितक्याच निगराणीने दिला. २०१९ मध्ये निकाल छापून आला: छोट्या कोर्सने ७८.८ टक्के पेशंटांचं चांगलं झालं, लांबच्या कोर्सने ७९.८. हाच लांबचा कोर्स रोजच्या कारभारात जगभर जेमतेम निम्म्या पेशंटांना तारत होता. तो आकडा समोर ठेवला असता तर नवा कोर्स केवढा मोठा दिसला असता! मला हे वाचून भरून आलं. आम्ही ज्याला वाईट औषध म्हणत होतो, त्याला आम्ही पाणीच पुरतं दिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे नवा कोर्स जुन्यापेक्षा किती उणा पडला तरी चालेल, हे तिथे आधीच ठरलं होतं: १० टक्क्यांपर्यंत. निकाल हातात आल्यावर रेघ ओढायची मुभा नाही, हे उत्तमच. पण त्या दहाच्या बदल्यात पेशंटाला काय मिळतं, हे पेशंटालाच विचारून ठरवावं असं माझं ठाम मत आहे. वर्षभर आधी मजुरीला जाता येणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी चूल आहे त्यालाच कळतं.

त्या छोट्या कोर्सातही सुरुवातीचे महिने कानामायसिन होतंच. म्हणून स्ट्रीमच्या पुढच्या टप्प्यात तोच छोटा कोर्स जुना ठरला आणि त्याच्यासमोर बेडाक्विलिनचा बिनइंजेक्शनचा कोर्स उभा केला. या टप्प्यात भारतातलेही पेशंट होते. २०२२ चा निकाल: बिनइंजेक्शनच्या कोर्सने ८३ टक्के पेशंटांचं चांगलं झालं, इंजेक्शनवाल्याने ७१. तिथे ऐकू येण्याचाही हिशेब ठेवला होता. कान गंभीरपणे बिघडलेले २ टक्के विरुद्ध ९ टक्के. या दोन आकड्यांवर मी बराच वेळ थांबले.

बीपाल्मची चाचणी वेगळी. तीही २०२२ च्या अखेरीस छापून आली. तिथे वाईट निकाल नव्या कोर्सात ११ टक्के, तेव्हाच्या प्रचलित उपचारात ४८. पोराच्या आईला मी हे असं सांगितलं: "शंभरातल्या अकरा जणांचं नीट झालं नाही, जुन्यात अठ्ठेचाळीस जणांचं." ती म्हणाली, "मग अकरात आपला नको."

यातल्या लिनेझोलिडने हातापायाला मुंग्या येऊ शकतात, म्हणून दर भेटीला मी पोराला चप्पल काढायला लावते. परवा तळव्यावर कापूस फिरवून विचारलं, "कळतंय?" तो "हो" म्हणाला. शेजारी बसलेला काका पुतण्याच्या ओठांकडे बघत होता; त्याला कळलं, आणि त्यानेही मान हलवली.