बेअर व्हॅली: गरुड बाहेरूनच बघायचे आहेत, तयारीने जा

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातलं बेअर व्हॅली अभयारण्य लोकांसाठी बंद असतं. नकाशावर नाव ठळक दिसतं, 'शेकडो गरुड' असंही वाचायला मिळतं, पण ही मुख्य गोष्ट कुणी सांगत नाही. हिवाळ्यात आत पाऊल टाकता येत नाही.

आणि ते बंदच हवं. 1978 साली सुमारे 4,200 एकर जंगल राखलं ते बॉल्ड ईगलच्या, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या, रातथाऱ्यासाठी. ईशान्येकडचा उतार वारा अडवतो. जुन्या पाँडेरोसा पाइनच्या फांद्या विरळ, म्हणून दोन मीटरहून लांब पंख पसरून उतरता येतं. ऐन हंगामात एका रात्री 300 पर्यंत पक्षी बसतात. कडाक्याच्या थंडीत त्यांना उठवलं, तर जपून ठेवलेली चरबी उडण्यातच जळते. वर्षानुवर्षं वणवा लागू दिला नाही की खाली कोवळी झाडं दाटतात, मोठ्यांचं पाणी ओढतात आणि पुढच्या वणव्याला शेंड्यापर्यंत शिडी देतात. जुनी झाडं टिकावीत म्हणून ही कोवळी झाडं तोडून जंगल विरळ करावं लागतं.

बघायचं रस्त्यावरून. डिसेंबर ते मार्चचा मध्य. क्लॅमथ फॉल्स शहरातून 97 क्रमांकाच्या हायवेने दक्षिणेला, वर्डन गाव ओलांडताच उजवीकडे किनो-वर्डन रोड, रूळ ओलांडले की लगेच डावीकडे कच्चा रस्ता.

खरा ताप या जेमतेम अर्ध्या मैलाचा. 'साधी गाडी आरामात जाते' हे साफ खोटं. पहाटे चाकोऱ्या दगडासारख्या गोठलेल्या, गाडी खालून घासते. ऊन चढलं की त्याच चाकोऱ्यांचा चिखल होतो आणि कडेला उतरलेलं चाक जागीच फिरत राहतं. उंच गाडी, बर्फाचे टायर आणि फावडं घेऊनच जा. गाडी आल्याबरोबर वळवून कडेला लावा. बर्फ वितळायच्या आत निघा.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचा. दिवे बंद, दारं हळू, गाडीजवळच थांबा. तोंड पश्चिमेला, डोंगराकडे; गरुड तिथूनच उडून येतात. पक्षी डोक्यावरून पूर्वेला गेले की उन्हासमोर नुसत्या काळ्या आकृत्या उरतात, म्हणून येतानाच बघून घ्या. पांढरं डोकं शोधत बसू नका. चार-पाच वर्षांपर्यंतची पिल्लं तपकिरीच असतात. तासाभरात सगळं आटोपतं.

निघण्याआधी लोअर क्लॅमथ या जवळच्या पाणथळ अभयारण्यात पाणी आहे का, ते मात्र विचारा. गरुड तिथल्या बदकांवर जगतात. तळी कोरडी असतील त्या वर्षी एवढा प्रवास करू नका.